प्लास्टिकचा परतीचा प्रवास

पूर्वीच्या मराठी घरात ‘टाकाऊ’ म्हणावी अशी वस्तू शोधूनही क्वचितच सापडत असे. आजीचे लुगडे जीर्ण झाले की त्याची गोधडी होई. गोधडी विरली की तिचे पोतेरे होई, आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या उरल्या तर त्या मातीत मिसळून जात. तांब्या-पितळेचे फुटके भांडे मोडीत निघे. जुन्या कपड्यांवर बोहारीण नवे भांडे देऊन जाई. वाचून झालेली वर्तमानपत्रे वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी जात. पंक्तीतल्या पत्रावळी आणि द्रोण उकिरड्यावर पडत. तेथे भाजीचे देठ, शेण व चुलीतील राख यांच्याशी ते एकजीव होत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी खत बनून शेतात परत जात. वस्तू जेथून आली तेथे ती कोणत्या ना कोणत्या रूपाने परतत असे. उकिरडा हा त्या परतीच्या वाटेवरील एक मुक्काम होता.

मग घरात एक नवा पाहुणा आला. तो वजनाला हलका, रंगाने मोहक आणि किमतीला स्वस्त होता. तो गंजत नसे, फुटत नसे, पाण्याने भिजत नसे. त्याचे नाव प्लास्टिक. १९०७ साली लिओ बेकेलंड या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत पूर्णपणे कृत्रिम असे पहिले प्लास्टिक तयार केले आणि त्याच्या नावावरून त्याला ‘बेकेलाइट’ म्हणू लागले. १९३३ साली इंग्लंडमधील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन संशोधक निराळ्याच प्रयोगात गुंतले असता, त्यांना उपकरणाच्या तळाशी मेणासारखा एक पांढरा पदार्थ आढळला. तो पदार्थ म्हणजे पॉलिथीन. आज दुधाची पिशवी, धान्याची पिशवी, शेततळ्याचा कागद अशा असंख्य रूपांनी जो पदार्थ आपल्याभोवती वावरतो, त्याचा जन्म असा अनपेक्षितपणे झाला.

प्लास्टिकला सरसकट शत्रू ठरविणे न्यायाचे होणार नाही. रुग्णाला रक्त चढविण्याची पिशवी, शेताला थेंबथेंब पाणी देणारी नळी, विजेच्या तारेवरील सुरक्षित आवरण ही सारी प्लास्टिकचीच देणगी आहे. दुष्काळी भागात डोक्यावरून पाणी आणणाऱ्या स्त्रीला जड हंड्याऐवजी हलकी घागर मिळाली, हेही त्याचेच उपकार. दोष आहे तो वेगळ्याच ठिकाणी. जो पदार्थ शेकडो वर्षे टिकतो, त्याचा उपयोग माणूस दहा मिनिटांच्या कामासाठी करू लागला आणि काम संपताच तो रस्त्यावर फेकू लागला.

प्लास्टिक का कुजत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. पान, कागद, सुती कापड हे पदार्थ निसर्गाने घडविलेले असतात. मातीतील सूक्ष्म जीवांना त्यांची ओळख असते. ते त्यांचे लहान लहान घटक करून आपले पोषण करतात. प्लास्टिक मात्र खनिज तेलापासून व नैसर्गिक वायूपासून कारखान्यात बनविले जाते. हजारो लहान रेणू एकापुढे एक जोडून त्याच्या लांबच लांब साखळ्या तयार केलेल्या असतात. या साखळ्या तोडण्याचे साधन मातीतील बहुतेक सूक्ष्म जीवांपाशी नाही. ऊन लागून प्लास्टिक ठिसूळ होते व त्याचे तुकडे पडतात. तुकड्यांचे कण होतात. परंतु कण झाले तरी ते प्लास्टिकच राहते. हे सूक्ष्म कण आज नदीच्या पाण्यात, समुद्रातील माशांच्या पोटात आणि माणसाच्या रक्तातही आढळले आहेत.

‘दृष्टीआड सृष्टी’ अशी म्हण आहे. कचरा घराबाहेर गेला की तो नाहीसा झाला, असे माणसाला वाटते. परंतु तो नाहीसा होत नाही. केवळ दुसऱ्याच्या दारात जातो. खरकट्याची गाठ मारलेली पिशवी उकिरड्यावर पडली की भुकेली गाय ती पिशवीसकट गिळते. अन्न पचते, पिशवी पचत नाही. अशा पिशव्यांचा गोळा पोटात साठत जाऊन तिचे खाणे हळूहळू बंद होते. जनावरांच्या वैद्यांनी शस्त्रक्रिया करून एकेका गाईच्या पोटातून कित्येक किलो प्लास्टिक बाहेर काढल्याची उदाहरणे आहेत.

२६ जुलै २००५ या दिवशी मुंबईच्या सांताक्रूझ भागात २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कोणत्याही शहराला बुडविण्यास पुरेसाच होता. परंतु पाणी वाहून नेणारी गटारे व नाले ज्या अनेक कारणांनी तुंबले, त्यांपैकी प्लास्टिकच्या पिशव्या हे एक महत्त्वाचे कारण ठरले. शेकडो माणसे त्या पुरात प्राणास मुकली. हातातून सहज सुटलेली एक पिशवी काय करू शकते, हे एका पिशवीकडे पाहून कळत नाही. नाल्याच्या तोंडाशी अशा लाखो पिशव्या एकत्र आल्या की मग कळते.

काही लोक प्लास्टिक साठले की ते अंगणात जाळून टाकतात. हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे. उघड्यावर अर्धवट जळणाऱ्या प्लास्टिकमधून विषारी धूर निघतो. नळ व वायरींची वेष्टने ज्या प्लास्टिकची असतात, त्याच्या धुरात तर फुप्फुसांना इजा करणारे आम्ल आणि दीर्घकाळ शरीरात राहणारी घातक द्रव्ये असतात. जाळल्याने कचरा डोळ्यांपुढून जातो आणि श्वासावाटे घरातच परत येतो.

मग प्लास्टिकचे करावे तरी काय? जुन्या लुगड्याची जशी गोधडी होई, तशी प्लास्टिकलाही परतीची वाट काढून देता येते. या वाटेला पुनर्चक्रीकरण असे म्हणतात. त्यासाठी प्रथम प्लास्टिकच्या दोन मुख्य जाती ध्यानात घ्याव्या लागतात. मेणबत्तीचे मेण तापविले की वितळते, थंड झाले की घट्ट होते आणि पुन्हा तापविले तर पुन्हा वितळते. याउलट, कुंभाराने भट्टीत भाजलेले मडके फोडून कितीही भिजविले तरी त्याचा पुन्हा चिखल होत नाही. प्लास्टिकचेही तसेच आहे. पिशव्या, बाटल्या, डबे, बादल्या हे मेणाच्या जातीचे; ते वितळवून नव्या आकारात ओतता येतात. विजेची जुनी काळी बटणे, कढईच्या मुठी हे मडक्याच्या जातीचे. ते एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाहीत.

मेणाच्या जातीतही अनेक पोटजाती आहेत. त्या ओळखता याव्यात म्हणून १९८८ सालापासून वस्तूच्या बुडाशी बाणांचा एक त्रिकोण व त्यात १ ते ७ पैकी एक अंक छापण्याची पद्धत सुरू झाली. पाण्याच्या व सरबताच्या पारदर्शक बाटलीवर १ हा अंक असतो. तेलाचे कॅन व शाम्पूच्या जाड बाटल्या यांवर २. नळांच्या प्लास्टिकचा अंक ३. दुधाच्या पिशवीसारख्या मऊ पिशव्यांचा ४. जेवणाचे डबे व बाटल्यांची झाकणे यांवर बहुधा ५. थर्माकोलचा अंक ६. आणि उरलेल्या साऱ्यांना मिळून ७. घरातील डबे व बाटल्या उलट्या करून पाहिल्या तर हे अंक कोणासही दिसतील.

इतकी वर्गवारी कशासाठी, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर वितळण्याच्या तापमानात आहे. दुधाच्या पिशवीचे प्लास्टिक सुमारे ११० अंश सेल्सिअसला वितळते, तर पाण्याच्या बाटलीचे वितळण्यास सुमारे २५० अंश लागतात. दोन्ही एकाच भट्टीत घातली तर बाटली वितळण्यापूर्वीच पिशवी करपून जाईल. बाटल्यांच्या ढिगात नळाच्या प्लास्टिकचे थोडेसे तुकडे मिसळले तरी त्या तापमानाला त्यांतून आम्ल सुटते आणि सगळा माल पिवळा व ठिसूळ होतो. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण मिसळलेल्या प्लास्टिकला अगदी तंतोतंत लागू पडते. सुटे सुटे ठेवले तर तोच माल. एकत्र केले तर तोच कचरा.

वेगवेगळे प्लास्टिक ओळखण्याचा एक सोपा प्रयोग घरीही करता येतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा एक लहान तुकडा मोठ्या माणसांच्या मदतीने कापून घ्यावा आणि तो त्याच बाटलीच्या झाकणासह पाण्याने भरलेल्या बादलीत टाकून हाताने बुडवावा. हात काढताच झाकण वर येऊन तरंगते. बाटलीचा तुकडा मात्र तळाशी जातो. झाकण पाण्यापेक्षा हलक्या प्लास्टिकचे आणि बाटली पाण्यापेक्षा जड प्लास्टिकची असते, म्हणून असे घडते. मोठमोठ्या कारखान्यांतही पाण्याच्या हौदात प्लास्टिकचे तुकडे टाकून ते याच युक्तीने वेगळे केले जातात.

कारखान्यात आलेल्या मालाची प्रथम पुन्हा एकदा निवड होते. मग यंत्रात त्याचे बारीक तुकडे करतात, ते धुतात आणि वाळवितात. हे तुकडे एका तापलेल्या नळकांड्यात जातात. आत फिरणारा मळसूत्री दांडा त्यांना पुढे रेटतो; वितळलेले प्लास्टिक पुढच्या टोकाच्या छिद्रांतून शेवयांसारखे बाहेर पडते. या शेवया पाण्यात थंड करून त्यांचे साबुदाण्याएवढे तुकडे करतात. बाजारात यालाच ‘दाणा’ म्हणतात. दाण्यापासून बादल्या, कुंड्या, खुर्च्या, नळ्या अशा नव्या वस्तू बनतात. पाण्याच्या बाटल्यांपासून तर बारीक तंतू काढतात आणि त्यांपासून कापड विणतात. काल प्रवासात प्यायलेल्या पाण्याची बाटली काही महिन्यांनी सदऱ्याच्या रूपाने अंगावर यावी, यात आता आश्चर्य उरलेले नाही.

परंतु भट्टीपर्यंतच्या या वाटेवरील पहिले पाऊल कोणते यंत्र टाकते? ते यंत्र नव्हे. ती माणसे आहेत. पाठीवर पोते घेऊन पहाटेपासून कचऱ्याच्या ढिगांतून बाटल्या, कागद, काच व पत्रा वेगळा करणाऱ्या कचरावेचक स्त्रिया प्रत्येक शहरात आहेत. त्यांनी वेचलेला माल भंगारवाल्याकडे, तेथून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि मग कारखान्यात जातो. ज्या काळी पुनर्चक्रीकरण हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता, त्या काळापासून त्या हे काम करीत आल्या. तरीही समाजाने त्यांच्याकडे तुच्छतेने पाहिले. चोरीचा आळ त्यांच्यावरच प्रथम घेतला. कुत्री त्यांच्यावरच भुंकली. फुटक्या काचांनी त्यांचे हात कापले आणि कुजक्या कचऱ्याने त्यांना आजारी केले.

पुणे शहरात या स्थितीला एक वळण मिळाले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या या स्त्रियांच्या संपर्कात आल्या. त्यांना असे दिसले की, कचरा घरीच ओला व सुका असा वेगळा मिळाला तर या स्त्रियांना दिवसभर ढिगात वाकून राहावे लागत नाही आणि त्यांची मिळकतही वाढते. १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला लाभले. ‘आम्ही कचरा नव्हे, आम्ही कामगार आहोत,’ हा तिच्या म्हणण्याचा सारांश होता. कचरावेचकांना ओळखपत्रे मिळाली. पुढे २००८ साली पुणे महानगरपालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागली. घरांकडून ठरावीक शुल्क आणि सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्न, असे दुहेरी साधन सभासदांना मिळाले. जी स्त्री उकिरड्यावर शोधत असे, ती आता दार ठोठावून सन्मानाने कचरा मागू लागली.

असा उपक्रम केवळ मोठ्या शहरातच होऊ शकतो असे नाही. एखाद्या आळीने, वसाहतीने किंवा खेड्याने मनावर घेतले तर तो कोठेही उभा राहू शकतो. ‘गाव करी ते राव न करी’ असे आपले पूर्वज म्हणत, ते खोटे नाही. मात्र त्यासाठी उत्साहाबरोबर योजनाही हवी. अनेक ठिकाणी असे होते की, मंडळी मोठ्या उमेदीने प्लास्टिक गोळा करू लागतात; महिन्याभरात खोली भरते; घ्यायला कोणी येत नाही; उंदीर होतात, दुर्गंधी सुटते; आणि एके दिवशी सगळा ढीग पुन्हा उकिरड्यावर जातो. गोळा करणे सोपे असते. पुढे पाठविणे हे खरे काम आहे.

म्हणून पहिली पायरी म्हणजे गोळा करणे नव्हे, तर चौकशी करणे. आपल्या भागात कोणत्या कचरावेचक येतात, कोणता भंगारवाला कोणते प्लास्टिक घेतो, किती दराने घेतो व कोणते घेत नाही, हे आधी विचारून घ्यावे. जे प्लास्टिक घेणारा कोणी आहे, तेवढेच प्रथम गोळा करावे. आरंभी पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या आणि जाड डबे-कॅन असे तीनच प्रकार ठेवले तरी पुष्कळ झाले. घडी बसली की प्रकार वाढविता येतात.

या चौकशीत एक गोष्ट विसरता कामा नये. बाटल्या व डबे यांना बाजारात चांगला भाव असतो. चुरगळलेल्या पातळ वेष्टनांना जवळजवळ नसतोच. वसाहतीतील मंडळींनी भाव येणारा माल स्वतःच विकून टाकला आणि उरलेला घाणेरडा भाग तेवढा कचरावेचक बाईंसाठी ठेवला, तर परिसर कदाचित स्वच्छ होईल, पण एका घरची चूल विझेल. ज्या मावशी वर्षानुवर्षे तेथे येतात, त्यांना उपक्रमात सर्वांत आधी सामील करून घ्यावे. मालाची पारख त्यांना असते. दुरून आवाज ऐकून किंवा बोटांनी चुरगळून कोणते प्लास्टिक कोणत्या जातीचे, हे त्या सांगू शकतात. त्यांच्याइतका चांगला शिक्षक या कामी दुसरा मिळणार नाही.

दुसरी पायरी घरातली आहे. ओला कचरा, सुका कचरा आणि औषधे, जुने विद्युतघट, फुटकी काच यांसारखा घातक कचरा हे तीन भाग स्वयंपाकघरापासूनच वेगळे व्हावेत. देशात २०१६ साली घनकचऱ्यासंबंधी जे नियम झाले, त्यांनी प्रत्येक घरावर हीच जबाबदारी टाकली. वापरलेले स्वच्छताविषयक कपडे व लहान मुलांची लंगोटवस्त्रे कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून निराळी द्यावीत, असा आग्रह पुण्यातील कचरावेचकांनी धरला. न उघडताच आत काय आहे हे कळावे आणि ते हाताळण्याची वेळ येऊ नये, एवढीच त्यांची मागणी. ठिपका काढण्यास क्षणही लागत नाही. परंतु त्यातून दुसऱ्या माणसाचा विचार व्यक्त होतो.

प्लास्टिकबाबत तीन शब्द पाठ केले तरी पुरे : रिकामे, स्वच्छ, कोरडे. दुधाची पिशवी रिकामी झाली की ती भांडी घासलेल्या उरल्यासुरल्या पाण्यात विसळावी आणि दोरीवर वाळत घालावी. न धुतलेली पिशवी दोन दिवसांत आंबते, मुंग्या-माश्यांना बोलावते आणि तिच्या संगतीतील स्वच्छ मालही नासविते. पिशवी कापतानाही थोडे लक्ष हवे. कोपरा पूर्ण कापला तर तो चिमुकला त्रिकोण हमखास मोरीत जातो, तेथून गटारात आणि पुढे नदीत. तोच कोपरा किंचित जोडलेला राहील असा कापला, तर तो पिशवीबरोबर परत जातो. बाटली चेपून ठेवली तर पोत्यात जागा कमी लागते.

तिसरी पायरी दिवस व जागा ठरविण्याची. आठवड्याचा एकच वार नेमावा आणि तो पाऊस असो, सण असो, बदलू नये. समाजमंदिराचा ओटा, शाळेची पडवी किंवा वसाहतीतील एखादी कोरडी खोली ही जागा होऊ शकते. डोक्यावर छप्पर असणे अत्यावश्यक. कारण आपल्याकडे पाऊस चार महिने असतो आणि भिजलेला माल कोणी घेत नाही. जवळपास आग किंवा शेगडी असता कामा नये. प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र पोते टांगावे व त्यावर अक्षरांबरोबर चित्रही काढावे. म्हणजे अक्षरओळख नसलेल्यांनाही ते कळेल. हाताळणाऱ्यांसाठी हातमोजे ठेवावेत. मुलांनी केवळ घरून धुऊन आणलेला माल हाताळावा; रस्त्यावरील ढिगात, सुया वा काचा असण्याचा संभव असतो तेथे, हात घालू नये.

चौथी पायरी हिशेबाची. एक तराजू आणि एक नोंदवही एवढे साहित्य पुरते. तारीख, प्रकार, वजन, कोणाला दिले व काय मिळाले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि महिनाअखेर ते फळ्यावर सर्वांना दिसेल असे मांडावे. पैशाचा व्यवहार उघडा असला की संशयाला जागा राहत नाही. शिवाय या वहीतून गणित शिकता येते. अर्ध्या लिटर दुधाची एक पिशवी सुमारे ३ ग्रॅम भरते. तिचे वजन हाताला जाणवतही नाही. परंतु ५० घरांची वसाहत घेतली आणि प्रत्येक घरी रोज २ पिशव्या आल्या, तर दिवसाला १०० व ३० दिवसांच्या महिन्यात ३,००० पिशव्या होतात. त्यांचे वजन ९ किलो. वर्षाला ते १०० किलोंच्या वर जाते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण चांगल्या अर्थाने खरी आहे आणि वाईट अर्थानेही. ३६,००० पिशव्या वर्षभरात गटारात जायच्या की दाण्याच्या रूपाने परत यायच्या, याचा निर्णय त्या ५० घरांच्या हाती असतो.

अशा उपक्रमाचा मोठा शत्रू म्हणजे ‘नव्याचे नऊ दिवस’. पहिल्या आठवड्यात पोती भरून वाहतात, पाचव्या आठवड्यात ओटा रिकामा दिसू लागतो. अशा वेळी न येणाऱ्यांवर रागावून काही साधत नाही. कोणाच्या घरी धुण्यास पाणी नसते, कोणी पहाटे कामावर जातो, कोणी वृद्ध असतो. अडचण विचारून घेतली की बहुधा वाट निघते. संत गाडगेमहाराज ज्या गावी जात, तेथे प्रथम हाती खराटा घेऊन स्वतः झाडू लागत आणि कीर्तन त्यानंतर करीत. उपदेशाआधी काम करण्याची ही रीत कोणत्याही सार्वजनिक कार्याला मार्गदर्शक ठरावी.

ज्यांना बाजारात भाव नाही अशा वेष्टनांचे काय, हा प्रश्न उरतोच. चिवडा व वेफर्सच्या चकचकीत पुड्यांत प्लास्टिक व धातू यांचे अत्यंत पातळ थर एकमेकांना चिकटविलेले असतात. ते वेगळे करणे फार कठीण आहे. त्यातील काही भाग सिमेंटच्या भट्ट्यांत, अतिशय उच्च तापमानाला, नियंत्रित रीतीने इंधन म्हणून वापरला जातो. मदुराई येथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी निरुपयोगी प्लास्टिकसाठी आणखी एक उपाय शोधला. तापविलेल्या खडीवर पिशव्यांसारख्या प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकले की ते वितळून खडीवर त्यांचा पातळ लेप बसतो; मग त्यात डांबर मिसळतात. असा रस्ता पाण्याला चांगला तोंड देतो. २००२ साली त्यांनी महाविद्यालयाच्या आवारात असा रस्ता करून दाखविला. २०१८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले या लहानशा नगरानेही कचऱ्याची काटेकोर वर्गवारी करून, त्यातील प्लास्टिकचा चुरा रस्त्यांसाठी वापरला आणि जेथे पूर्वी कचऱ्याचा ढीग होता, ती जागा लोकांनी पाहायला यावे अशी केली.

तथापि या वाटेलाही मर्यादा आहे, हे स्पष्टपणे समजले पाहिजे. सोने कितीदाही वितळविले तरी ते सोनेच राहते; प्लास्टिकचे तसे नाही. प्रत्येक वेळी तापविल्याने त्याच्या साखळ्या थोड्या थोड्या तुटतात आणि त्याचा कस उतरतो. आज पारदर्शक बाटली असलेले प्लास्टिक उद्या सदरा होते. त्या सदऱ्याची पुन्हा बाटली होणे अवघड असते. परतीचा प्रवास लांबविता येतो, अनंत करता येत नाही. म्हणून ज्या वस्तूची गरजच नाही, ती मुळात न घेणे हा पहिला उपाय आहे. घेतलेली वस्तू पुनःपुन्हा वापरणे हा दुसरा. आणि ती वितळविण्यास देणे हा तिसरा. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या ताटल्या यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या चमचे, पेले, नळ्या अशा अनेक वस्तूंना देशभर मनाई झाली. कायदा दिशा दाखवितो. चालायचे ते नागरिकांनाच. बाजारात जाताना खुंटीवरची कापडी पिशवी खांद्याला अडकविली, तर कायद्याचे निम्मे काम त्या पिशवीनेच होते.

एखाद्या वसाहतीत असा उपक्रम वर्षभर टिकला की काही बदल सहज दिसू लागतात. पावसाळ्यात नाला पूर्वीसारखा तुंबत नाही. गाई उकिरड्यावर कमी दिसतात. नोंदवहीत वजनाचे आकडे वाढत असतानाच, मंडळी एक नवा प्रश्न विचारू लागतात : इतके प्लास्टिक आपल्या घरी येते तरी कशाला? त्या प्रश्नानंतर हळूहळू आकडे उतरू लागतात आणि ते उतरणे हेच उपक्रमाचे खरे यश असते. आणखी एक बदल कोणत्याही तराजूत मोजता येत नाही. पूर्वी पोते घेऊन आलेल्या बाईंकडे जी मुले पाहतही नसत, ती आता त्यांना नावाने ओळखतात आणि धुऊन वाळविलेल्या पिशव्यांची जुडी त्यांच्या हाती देताना ‘मावशी, या कोरड्या आहेत,’ असे सांगतात.